जे आधी होईल ते

सरांच्या घरात चौकशी न करता, पहिल्याच दुकानातून, पहिल्याच भावाला आलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे गॅसचं सिलिंडर. तिथं भाव सरकार ठरवतं, म्हणून त्यांचा नाइलाज. बाकी पायातल्या चपलेपासून मुलीच्या लग्नातल्या मंडपापर्यंत सगळं तीन ठिकाणी विचारून चौथ्या ठिकाणी घेतलेलं. "भाव विचाराले पैसे लागत नाई, मॅडम," ते मला म्हणायचे, "फक्त लाज सोडा लागते." ती त्यांनी फार पूर्वीच सोडली होती.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत. शाळा पातूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, आणि आम्ही राहायचो अकोल्यात. आमच्याकडे नोकरदार माणसाला नोकरी कुठे आहे हे नंतर विचारतात, आधी विचारतात अप-डाऊन कशानं करता. आम्ही चौघं सरांच्या गाडीनं करायचो. चालवायला सर, त्यांच्या शेजारी गणिताचे सर, मागे मी आणि शाळेचे मोठे बाबू. गणिताच्या सरांना आम्ही गणितवाले म्हणत असू, कारण एका गाडीत दोन सर झाले की कोण कुणाला हाक मारतंय ते कळत नसे.

माझी तर सगळी नोकरीच त्या गाडीवर उभी होती. माझी आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. नवरा नागपूरला, शनिवारी येणार. दिवसा आईजवळ एक बाई बसायच्या, पण साडेपाच वाजले की त्या पायात चपला घालायच्याच, मग जग इकडचं तिकडे होवो. शाळेच्या गावाला एसटी दोनदा यायची. सकाळची घंटा झाल्यावर पोचायची आणि संध्याकाळची दिवेलागणी झाल्यावर अकोल्यात सोडायची. सरांची गाडी मात्र बाईंच्या चपलांच्या आधी मला घराच्या कोपऱ्यावर उतरवायची. ती गाडी नसती तर मला नोकरी तरी सोडावी लागली असती नाहीतर आईला एकटं टाकावं लागलं असतं, आणि दोन्हीतलं काहीही करायची माझी तयारी नव्हती.

सर अंगानं वाळलेले, उंच, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. राहायला मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात. घरचं भाजीपाल्याचं वावर होतं, वांगी, मेथी आणि दसऱ्याच्या बेतानं झेंडू. त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे बघताना ते आधी पीक बघतात तसे बघायचे, म्हणजे आज कशी आहे ते नाही, पुढच्या महिन्यात कशी होईल ते. दर सोमवारी सकाळी आम्ही सगळे गाडीत बसलो की ते बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढत. तिच्या टोकाचं ऑइल अंगठ्यानं बोटावर चोळत, नाकाला लावत, आणि खिडकीतून आम्हाला निकाल सांगत. "तांबूस हाय. चालते अजून." मग ते बोट रुमालाला पुसत. त्यांच्या घरी सोमवारचे रुमाल वेगळे धुतले जात, आणि ते का, हे वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गाडी घेतल्यापासून सरांचा मुख्य अभ्यास म्हणजे तिच्या सर्व्हिसिंगचा भाव. हा अभ्यास त्यांनी आम्हा तिघांना वाटून दिला होता. कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. कागद हरवतो, माणूस सहसा हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एकेका गॅरेजचे भाव एकेकानं तोंडपाठ ठेवायचे. माझ्याकडे कंपनीचं शोरूम आलं. गणितवाल्यांकडे सगळ्या प्रकारच्या गाड्या घेणारं हायवेवरचं मोठं गॅरेज. बाबूंकडे जुन्या शहरातले एक मिस्त्री. बार्शीटाकळीच्या फाट्यावर सर म्हणत, "चला, पाढे म्हना." आणि आम्ही म्हणायचो.

"कंपनी?"

"ऑइल फिल्टरसकट एकवीसशे, हात चौदाशे, धुलाई सहाशे."

मजुरीला ते हात म्हणत. "मोठं गॅरेज?"

"ऑइल अठराशे, हात हजार, धुलाई फुकट."

"फुकट नाई. ते हातात धरली हाय त्यानं. मिस्त्री?"

बाबू खिडकीबाहेर बघत म्हणत, "ऑइल तुमचं तुमी आना. हात म्हंते समजून द्या."

"हेच महाग पडते," सर म्हणत. "समजून देल्ल्या पैशात दोघंही नाराज राह्यते."

पहिल्या काही महिन्यांत मला या प्रकाराची लाज वाटायची. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांना एकदा आम्ही पातूरपर्यंत नेलं, तर त्यांच्यासमोरही पाढे झाले. पण माणसाला कशाचीही सवय होते. पुढे पुढे मी भाजी चिरताना ब्रेकपॅडचे भाव पुटपुटते हे आईच्याही लक्षात आलं. तिची जीभ जड झाली होती, तरी ती हसून विचारायची, "वाढले का ग?"

सर्व्हिसिंग केव्हा करायचं हा तर स्वतंत्र विषय. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. या वाक्यावर सरांचा फार राग. त्यांच्या मते ते वाक्य लिहिणाऱ्यानं आपला रस्ता पाहिला नव्हता. "गाडीले भूक लागते किलोमीटरनं, आन् कंपनीले भूक लागते महिन्यानं," ते म्हणत. आमची गाडी वर्षाला वीस हजारांच्या आसपास चालायची, म्हणजे वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग ठरलेलं. त्यात आमच्या शाळेच्या रस्त्याचं काम कायमचं सुरू. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा असा उडायचा की समोरच्या ट्रॅक्टरचा फक्त हॉर्न दिसायचा, असं बाबू म्हणत. मग सर मधल्या सुट्टीत एअर फिल्टर काढून शाळेच्या ओट्यावर आपटून झाडत. वर्गातली पोरं खिडकीतून बघत आणि भूगोलाच्या तासाला त्यांना वाऱ्यानं होणारी झीज पुन्हा शिकवावी लागत नसे.

कंपनीनं वर्षाकाठी पैसे भरून सर्व्हिसिंगची योजना घ्या म्हणून फोन करायला सुरुवात केली, तेव्हा सरांना करमणुकीचं नवं साधन मिळालं. एकरकमी भरा, नाहीतर महिन्याचा हप्ता करा, चार वर्षं काळजी मिटली. फोनवरच्या मुलीशी ते अर्धा अर्धा तास बोलत. शेवटी तीच थकून नंतर फोन करते म्हणायची. सरांनी तिला सालदार समजावून सांगितला होता. सालदार म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेला गडी. काम असो नसो, त्याचं ठरलेलं साल द्यायचं. "तुमची कंपनी म्हंते मले सालदार ठेवा," सर तिला म्हणाले, "पन हा सालदार कसा ताई, आपल्या घरी येतच नाई. आपल्यालेच त्याच्या घरी जा लागते. आन् वरतून आपुनच टोकन घेऊन बसा लागते."

हप्त्याबद्दल त्यांचं मत याहून कडक होतं. "ऑइल तं सहा महिन्यात काळं होऊन निंगून जाते, हप्ता मांगं राहून जाते." शिवाय योजनेतली गोम गणितवाल्यांनी हिशेब न करताच सांगितली. चार वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर, तिथंही जे आधी होईल ते. आमच्या गाडीची चार वर्षं दोन वर्षांतच संपली असती. सरांनी ती योजना कधीही घ्यायची नाही असं ठरवून टाकलं, आणि तरीही प्रत्येक नव्या योजनेची चौकशी ते तितक्याच प्रेमानं करत राहिले.

या चौकशीला अंतराचं बंधन नव्हतं. गणितवाल्यांच्या भाच्याचं लग्न अमरावतीला होतं, बडनेरा रोडवरच्या एका लॉनवर. आम्ही चौघं सरांच्या गाडीनं निघालो. मी ठेवणीतली पैठणी नेसलेली, बाबूंनी सूट शिवलेला, गणितवाल्यांच्या मांडीवर आहेराचा मिक्सर. लॉनच्या अलीकडेच कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागलं आणि सरांनी गाडी आत घातली. "दोन मिनटं. अमरावतीचा भाव तं माहीत पाह्यजे." आम्ही त्या काचेच्या खोलीत मशीनचा चहा पीत बसलो. शेजारी एक गृहस्थ विचारत होते, तुमच्या गाडीला काय झालं. मी काय सांगणार! सर आतल्या माणसाशी हातवारे करून बोलत होते. तीच कंपनी, तीच गाडी, तेच ऑइल, तरी अमरावतीत हात दोनशेनं कमी होता, आणि तो का कमी, याचं उत्तर त्यांना हवं होतं. ते काही त्या माणसाकडे नव्हतं. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि लोक हात धूत होते. गणितवाले भाच्याच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटाशी उभे राहणार होते. ते आठ दिवस सरांशी बोलले नाहीत, पण आठही दिवस गाडीत बसत होते, आणि फाट्यावर पाढेही म्हणत होते. ते मात्र खिडकीकडे बघून.

सरांचा स्वभाव हा असा. त्यांचा राग यायचा, पण टिकायचा नाही. आणि पोळ्याच्या वेळचं प्रकरण झालं तेव्हा तर रागही नीट आला नाही.

त्यांच्या वडिलांच्या वेळची बैलजोडी घरी होती तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होत असे. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं लावायची, आणि त्यांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग म्हातारी झालेली ती जोडी एकामागून एक गेली आणि वावरात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला. गाडी नवी होती त्या वर्षी वहिनींनी हाताच्या सवयीनं तूप-हळद गरम केली. वाटी ओट्यावर निवत राहिली. पूजेला मातीचे बैल होते, पण मातीच्या बैलाचा खांदा काय शेकणार! सर वाटी घेऊन अंगणात गेले. गाडीचा खांदा कुठला, याचा त्यांनी बराच विचार केला असणार. ओझं चाकांवर येतं, म्हणजे खांदा चाकाजवळच, असा त्यांनी निर्णय केला आणि पळसाच्या पानानं चारही चाकांच्या आतपर्यंत तूप माखलं. आवतनही दिलं. पोळ्याच्या दिवशी गाडी जागची हलवली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत निघालो. गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकाशी सरांनी ब्रेक दाबला आणि गाडीनं ऐकलंच नाही. आम्ही चौघं छताला टेकून खाली आलो. सरांनी हातब्रेक ओढत ओढत गाडी एका रसवंतीच्या मांडवाशी आणून थांबवली. बाबूंनी नाक वर करून दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "इथं कुठंतरी शिरा भाजून राह्यले."

कंपनीच्या माणसानं चाक काढलं, आत बघितलं, सरांकडे बघितलं, आणि कागदावर लिहिलं की बाहेरचा पदार्थ लागल्यामुळे बिघाड झाला असून तो वॉरंटीत बसत नाही. सरांना बाकीचं सगळं मान्य होतं, एवढा शब्द मान्य नव्हता. "बाहेरचा पदार्थ? भाऊ, घरच्या म्हशीचं तूप हाय हे!" तो माणूस हसावं की नाही या विचारात पडला. सरांनी चाक उघडं असतानाच गणितवाल्यांना आणि बाबूंना विचारून ब्रेकपॅडचे दोन्ही भाव ताडून घेतले, आणि मगच कंपनीला काम करू दिलं. घरी वहिनींनी एवढंच सुनावलं, "म्या सांगतलं होतं, वाटीभर तूप पोयीवर घालून खा. तुमाले बैलच पाह्यजेत!"

आमचा जीव जाता जाता राहिला होता, हे मला कळत होतं. पण बैल नसलेल्या अंगणात हातात तुपाची वाटी घेऊन उभे असलेले सर डोळ्यांसमोर आले आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी त्या दिवसापासून त्यांच्या तऱ्हांना हसायचं सोडलं असं नाही, हसले पुष्कळ, पण दुसऱ्या कुणाला हसू दिलं नाही.

मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की सर मोकळे होणार होते, आणि त्यांच्याबरोबर गाडीही. स्टाफरूममध्ये निरोपाच्या जेवणात रोडगे करायचे की पुरी, याची चर्चा सुरू झाली तेव्हा मला साडेपाचला बाईंनी पायात घातलेल्या चपला दिसू लागल्या. मी बदलीचा अर्ज केला होता, तो कुठल्या कपाटात होता देव जाणे. एसटीच्या वेळा बदलतात का, म्हणून डेपोत जाऊन आले. आईजवळच्या बाईंना जास्त पैसे देऊ केले, त्या म्हणाल्या, माझीही लेकरं घरी वाट पाहतात. त्यांचंही खरंच होतं. दुसरी बाई मिळाली ती आईला उचलताना सैल धरायची. दिवाळीपर्यंत माझ्याकडे एकही मार्ग उरला नाही.

नेमकं त्याच दिवसांत सरांना सर्व्हिसिंगच्या योजनांचं वेड लागलं. आजवर ते गंमत म्हणून विचारत, आता वकिलासारखे विचारू लागले. कंपनीकडे दोन वेळा, मोठ्या गॅरेजच्या वार्षिक योजनेसाठी तीन वेळा, अमरावतीला फोनवर. बाबू म्हणाले, "सर, तुमी तं घरी बसून राह्यले. मंग चार वर्षांची सर्व्हिसिंग कावून विचारता?" सर काही बोलले नाहीत. हेच मला खटकलं, कारण उत्तर न देणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर शोरूममध्ये होते. कंपनी माझा विषय, म्हणून ते मला घेऊन जात. सगळी चौकशी झाल्यावर त्यांनी आवाज थोडा उतरवून काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "मधात मालक बदलला, तं योजना नव्या मालकाले भेटते का?" तो म्हणाला, गाडीबरोबरच जाते. सरांनी समाधानानं मान हलवली.

सर गाडी विकणार होते. मला रविवारभर दुसरं काही सुचलं नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर बाबू आणि गणितवाले यायच्या आत मी गाडीपाशी गेले. सर शाळेमागच्या लिंबाखाली बॉनेट उघडून उभे होते.

मी सरळच विचारलं. "सर, गाडी विकून राहिले का तुम्ही?"

"हो, विकून राह्यलो."

"मग आधी सांगायचं होतं. माझ्या घरी आई आहे, तुम्हाला माहीत आहे. कोणाला विकली?"

त्यांनी ऑइलची पट्टी पुसून आत घातली. "तुमाले."

"मला विचारलंय कुणी?"

"इचारून राह्यलो ना आता."

मला इतका राग आला की मी तिथून निघून जाणार होते. मला गाडी येत नाही, मी ती कधी चालवली नाही, आणि मी घेईन असं यांनी परस्पर कसं ठरवलं, असं बरंच काही बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लायसन हाय ना तुमच्यापाशी? लग्नाआधी काढलं म्हने. ते काय लोनच्यासारखं मुरत घातलं?" मग त्यांनी बोटं मोजली. "गणितवाले गाडी घेईन, पन मोबाइलवर बोलत चालवन. बाबूले बदली घेऊन शहरातच यायचं हाय. गरज तुमाले हाय. गरजेवाला मानूस ऑइल वेळेवर बदलते."

"आणि ती योजना? तुम्ही तर म्हणायचे सालदार ठेवायचा नाही म्हणून."

"मी होतो तवर सालदार मीच होतो," ते म्हणाले. "चार गॅरेज फिराले मले वेळ होता. तुमी सकाळी आईचं करान, शाळा करान, का मिस्त्रीच्या दारात उभ्या राहान? तुमाले सालदार पाह्यजे. कसा भेटते, कितीले भेटते, तेच पाहून राह्यलो दिवाळीपासून."

बॉनेट अजून उघडंच होतं. मला रडू आलं, आणि ते आलेलं सरांनी पाहिलं हेही मला चाललं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाट्यावरून गावापर्यंतचा रस्ता मी चालवू लागले. गणितवाले आपली जागा सोडून मागे जात नाही, पुढेच बसतो म्हणाले, पण सरांनी त्यांना उठवलं. गिअर कसा टाकावा यावर सरांनी मला एक शब्दही शिकवला नाही. मी उगाच क्लचवर पाय ठेवून बसले की ते खिडकीबाहेर बघत विचारत, "मॅडम, क्लचप्लेट कितीची?" मी भाव सांगायचे आणि पाय आपोआप उचलला जायचा. एकदा समोरून उसाचा ट्रक आला, मी गाडी पार कडेच्या तुरीत घातली. बाबूंनी देवाचं नाव घेतलं. सर खाली उतरले, चाकांभोवती फिरून आले आणि म्हणाले, "एअर फिल्टर सोडून काईच खराब झालं नाई. काढा." मीच रिव्हर्समध्ये काढली. होळीनंतर मी घरापासून शाळेपर्यंत सगळा रस्ता चालवत होते, आणि मला स्वतःचा असा अभिमान वाटत होता की स्टाफरूममध्ये किल्ली टेबलावर आवाज करूनच ठेवायचे.

किमतीच्या बाबतीत सरांनी मला काडीचीही सवलत दिली नाही, आणि मला ती नकोच होती. जुन्या गाड्या घेणाऱ्या तिघांना त्यांनी भाव विचारले होते. त्यातला मधला मला सांगितला. मीही त्याच तिघांकडे जाऊन आले. मागचे दोन टायर झिजलेत, ते मला लगेच बदलावे लागतील, तेवढे कापा, असं मी म्हटलं. सरांचा चेहरा उतरला. दिवसभर ते माझ्याशी तुटक बोलत होते. दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्यांनी पाढे म्हणायला सांगितलेच नाहीत. उलट गणितवाल्यांना म्हणाले, "मॅडमनं मले टायरवर पाडलं बाप्पा. तीन वर्षं मागं बसून सारं शिकल्या." आणि नंतर भेटेल त्याला हे सांगत सुटले, निरोपाच्या जेवणात शाल खांद्यावर पडल्या पडल्याही भाषणात हेच सांगितलं.

निवृत्तीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. दारातच सर म्हणाले, "आज तुमी बोला," आणि माझ्यामागे एक पाऊल चालू लागले. काउंटरवर तोच माणूस होता. सवयीनं त्यानं सरांकडे बघून सुरुवात केली, चार वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर.

"इकडे सांगा," मी म्हणाले. "आमची गाडी वर्षाला वीस हजार चालते. ही योजना दोन वर्षांत संपेल. किलोमीटर जास्त असलेली दाखवा."

त्यानं दुसरी दाखवली. मी महिन्याचा हप्ता आणि एकरकमी यांतला फरक विचारला, हप्त्यात एकूण किती जास्त जातात ते त्याच्याकडूनच बेरीज करून घेतलं. ब्रेकपॅड यात धरलेत का, क्लच धरलाय का, हात धरलाय का. हात म्हणजे, असं त्यानं विचारलं. मजुरी, मी सांगितलं. एसीचं निर्जंतुकीकरण आणि आतून लावायचं चकाकीचं लोशन त्यानं हळूच जोडलं होतं, ते काढायला लावलं. अमरावतीत मजुरी कमी आहे, तीच इथं लावा, नाहीतर मी तिकडून योजना घेते, असंही म्हणाले. तो आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि मजुरी कमी झाली. या सगळ्या वेळात सर भिंतीवरचं टायरचं चित्र बघत उभे होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही, पण कान इकडेच होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"योजना कुणाच्या नावावर?" त्या माणसानं विचारलं.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

"तुमचा फोन लागला नाही तर दुसरा नंबर कुणाचा टाकू?"

मी सरांचा सांगितला.

"हे तुमचे कोण?"

सहकारी म्हणावं तर ते मागच्याच आठवड्यात संपलं होतं. नातेवाईक म्हणावं तर ते नव्हते. शेजारीही नव्हते. तेवढ्यात सर चित्र सोडून काउंटरपाशी आले आणि दुपट्टा सारखा करत त्या माणसाला म्हणाले, "मी? मी मॅडमच्या गाडीतला."

त्याला ते कसं लिहावं कळेना. तो माझ्याकडे बघू लागला. "बरोबर आहे, तसंच लिहा," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातलं पेन घेऊन सही केली.